बसा म्हणणारी माणसं

घरात आंबूस वास सुटला आहे. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात अनारशाचे तांदूळ भिजत पडलेत, रोज त्यांचं पाणी बदललं जातं आणि माझी बायको, काशीची आई, येता-जाता झाकण उचलून वास घेते. अधिक महिना आला. यंदा तो श्रावणाच्या आधी घुसला आहे. मला या महिन्याचा भरवसा कधीच वाटला नाही. बाकीचे महिने आपापल्या पाळीने येतात; हा दर तिसऱ्या वर्षी कोणाच्या तरी आधी येतो, लग्नं-मुंजी अडवून धरतो आणि सासऱ्यांना जावयापुढे ताट घेऊन उभं करतो. जोशी सांगतात, चंद्राचा आणि सूर्याचा मेळ घालायला तो लागतो. असेल. पण ज्यांचा मेळ आपोआप बसत नाही त्यांच्यात काहीतरी बिनसलेलं असणार, असं जन्मभर जबान्या लिहिलेल्या माणसाला वाटणारच.

मला आठवतो तो पुष्कळ वर्षांमागचा अधिक वैशाख. ठाण्याच्या खाडीकाठी मिठागरांत पांढरे ढीग उभे राहिले होते. दुपारी कोपरीकडून वारा सुटला की ओठ खारट होत आणि घासलेली तांब्याची भांडी संध्याकाळपर्यंत काळवंडत. त्या उन्हात सगळं गाव सावली शोधत होतं आणि मी बसायला जागा शोधत होतो.

झालं होतं असं, की आदल्या पावसाळ्यात तळ्याच्या शेवाळलेल्या पायरीवरून पाय घसरला आणि मी सपशेल खाली बसलो. तेवढंच. हाड मोडलं नाही, रक्त आलं नाही. उठलो, धोतर झटकलं आणि कोणी पाहिलं का ते आधी पाहिलं. दुखणं आलं ते पुढे महिन्याभराने, आणि आलं ते चोरपावलांनी. उभा असलो की नाही. चाललो की नाही. आडवा पडलो की नाही. मांडी घालून बसलो की मात्र बैठकीच्या मधोमध, जिथे बोट दाखवून ‘इथे’ म्हणता येत नाही अशा जागी, तापवलेलं दाभण टोचावं तसं होई आणि ते दाभण सावकाश मांडीच्या आतल्या बाजूला ओढलं जाई. उठलो तरी घटकाभर जळत राही. दाखवायला जावं तर दाखवण्यासारखं काही नव्हतं. मूळव्याध म्हणावी तर मूळव्याधही नव्हती. आरसा घेऊन, दाराला कडी घालून ती शंका मी फेडून घेतली होती.

त्या दिवसांत मला कळलं की आपली भाषा बसलेल्या माणसांनी केलेली आहे. दारात पाऊल टाकलं की पहिला शब्द ‘बसा’. जम बसतो, घडी बसते, हात बसतो. ज्याचं बरं चाललंय तो घरी बसून खातो. ज्याला आपल्याबद्दल प्रेम नाही तो उभ्या उभ्या येऊन जातो. उभ्याने पाणी पिऊ नये, उभ्याने जेवू नये. उभा राहील तो एक तर चाकर, नाही तर शिपाई. आणि ‘बसा’ म्हटल्यावरही जो बसत नाही, त्याच्या पोटात काहीतरी आहे असं ज्याला त्याला वाटतं. मलाही वाटे, दुखणं येईपर्यंत.

मी तेव्हा ठाण्याच्या कचेरीत साक्षीदारांच्या जबान्या उतरून घेणारा कारकून होतो. आमची बैठक म्हणजे खाली जाजम आणि पुढ्यात लिहायची उतरती पेटी. इतकी वर्षं माणसं ऐकून मला खोट्याची एक खूण सापडली होती. खरं बोलणारा एका जागी बसतो; खोटं बोलणारा बूड हलवतो. ही खूण मी कोणाला सांगितली नव्हती, पण तिच्यावर माझा पुरा भार होता. आता मीच घटकाघटकेला बूड हलवत होतो आणि समोरचा साक्षीदार माझ्याकडे संशयाने पाहत होता.

शेजारच्या पेटीवर बापूराव नावाचे कारकून बसत. त्यांचे डोळे कागदावर असत आणि लक्ष दुसऱ्याच्या पानात. एक दिवस सुपारी कातरता कातरता ते म्हणाले, “नाना, गेल्या साली तुम्ही मुंबईस बरेच दिवस राहिलात, नाही का?”

“बहिणीच्या घरी होतो.”

“हो, हो. बहिणीच्याच घरी,” असं म्हणून त्यांनी पान लावायला घेतलं.

मुंबईहून काही पुरुष जे घेऊन येतात आणि बायकोपासून लपवतात, त्याला आमच्याकडे हळू आवाजात गरमी म्हणतात. दुसऱ्या दिवसापासून मी पेटी उचलून खिडकीच्या उंच फळीवर ठेवली आणि उभ्याने लिहू लागलो. साहेब लोकांच्या पेढ्यांत कारकून उंच मेजाशी उभे राहून लिहितात असं ऐकलं होतं, तेच पुढे केलं. बापूराव म्हणाले, “नाना आता साहेब झाले.” मी मान डोलावली. गरमीपेक्षा साहेब परवडला.

वैद्याकडे का गेलो नाही, असं कोणी विचारील. आमच्या भागात नाव घेण्याजोगे दोन वैद्य होते. एक बापूरावांचा साडू. दुसरा त्या साडूचा शत्रू, आणि शत्रूच्या कानी गेलेली गोष्ट तर आधी गावभर होते. तिसरा उरला तो कल्याणचा. चांगल्या हातगुणाचा, कमी बोलणारा, नाडी धरली की डोळे मिटून बसणारा. तो माझा जावई. अवघड जागी दुखणं आणि जावई वैद्य, ही म्हण लहानपणापासून ऐकली आणि दर वेळी हसलो. ती कोण्या एका माणसाची खरी हकीकत असेल आणि तो माणूस मी निघेन, असं काही वाटलं नव्हतं.

हसण्यावारी नेण्यासारखं ते नव्हतंच. काशी माझी एकुलती एक मुलगी. कल्याणला नांदायला जाऊन तिला काही वर्षं झाली होती आणि तिची कूस उजवली नव्हती. अशा घरात ‘मुलीच्या बापाला बाहेरचं दुखणं आहे’ एवढी कुजबुज पुरे. दोष बापाच्या रक्तातून उतरला, असं ठरवायला लोकांना पुरावा लागत नाही, आणि असं ठरलं की घरात सवत यायला वेळ लागत नाही. तेव्हा मी मनाशी गाठ बांधली, की जगाला कळलं तरी चालेल, कल्याणच्या घराला कळता कामा नये.

घरी मी रोज नव्या तऱ्हेने बसून पाही. उकिडवं बसलं की दाभण थांबे, पण पायांना मुंग्या येत. एका अंगावर रेललं की बरं वाटे, मग थोड्या वेळाने दुसरं अंग कुरकुरे. भिंतीला टेकून पाय सोडून बसणं सगळ्यांत वाईट, म्हातारपणी करायला म्हणून जे राखून ठेवलेलं असतं नेमकं तेच. पालथं पडून पोथी वाचणं छान, पण तसं पडलेल्या माणसाला बायको लगेच ओवा आणून देते. शेवटी एकदा गुडघे टेकले, कंबर सरळ ठेवली, खिडकीच्या फळीवर कागद ठेवला, आणि कित्येक महिन्यांत पहिल्यांदा एक अख्खं पान दुखण्यावाचून लिहून झालं. मला इतकं सुख झालं की डोळे मिटून हात जोडले. खिडकी आळीकडे उघडत होती, हे ध्यानात आलं नाही.

दोन-चार दिवसांनी काशीची आई समोर येऊन उभी राहिली. तिच्या हातात लाटणं होतं, पण ते पोळ्यांचं असावं.

“तुम्ही पाद्र्याकडे जाता का?”

“कोण म्हणतं?”

“आळी म्हणते. गुडघ्यांवर बसून हात जोडता म्हणे, त्यांच्या देवळातल्यासारखे.”

“आणि तू काय म्हणतेस?”

“मी म्हणते, विचारलेलं बरं. जानवं आहे ना गळ्यात?”

मी अंगरखा बाजूला करून जानवं दाखवलं. तिने ते बोटाने ओढून पाहिलं. शिकलेली ब्राह्मणाची मुलं बाटल्याच्या बातम्या तेव्हा कुठून कुठून येत असत, त्यामुळे तिला दोष देत नाही. मग मात्र मला सगळं सांगावं लागलं. ऐकून ती खाली बसली आणि म्हणाली, “एवढंच होय? मला वाटलं होतं...” तिला काय वाटलं होतं ते तिने आजतागायत सांगितलेलं नाही. बहुधा बापूरावांची बायको तिला तळ्यावर भेटत असावी.

खरी सोय सापडली ती मोरीपाशी. तिथे आमची घडवंची असे, म्हणजे पाण्याचे हंडे ठेवायची लाकडी चौकट, हंडा पडू नये म्हणून वर गोल भोकं पाडलेली. एका दुपारी कचेरीतून आलो, हंडा विहिरीवर गेलेला होता, पाय दुखून आले होते, आणि कसलाही विचार न करता मी त्या रिकाम्या भोकावर बसलो. दाभण टोचलं नाही. वाट पाहिली, तरी टोचलं नाही. भार दोन्ही मांड्यांवर पडत होता आणि मधली अवघड जागा अधांतरी राहत होती. हंडा जसा बसतो तसा मी बसलो होतो, आणि बरं वाटून डोळ्यांत पाणी आलं. तेवढ्यात काशीची आई घागर घेऊन आली. “अहो, सोवळ्याचं पाणी ठेवते मी तिथे,” एवढंच ती म्हणाली. घडवंची मात्र तिने चिंच लावून तीन वेळा धुतली. मग आपल्या जुन्या लुगड्याचा पीळ घालून तिने एक भलीमोठी चुंबळ वळली, बायका डोक्यावर घागरीखाली ठेवतात तशीच, पण परातीएवढी. तिच्यावर मी बसू लागलो. डोक्यावरची वस्तू बुडाखाली घेतो म्हणून सुरुवातीला ती घेताना मी आधी नमस्कार करी.

पण चुंबळ घरात चालते. कल्याणला काखेत मारून कशी न्यायची?

कल्याणला जाताना मी गाडीच्या डब्यात दाराशी उभा राही. समोर बाक मोकळं आणि हा माणूस उभा, हे लोकांना सहन होत नाही. एकाने दोनदा ‘बसा’ म्हटलं, तिसऱ्यांदा म्हटलं नाही, आणि आपलं गाठोडं मांडीवर घेतलं. त्याचं पाहून पलीकडच्या बाईने पिशवी पायांखाली सारली. खाडीवरच्या पुलावर गाडीचा आवाज बदलला, पुढे डोंगराच्या बोगद्यात काळोख झाला, आणि उजेडात आलो तेव्हा डब्यातला प्रत्येक हात कुठल्या ना कुठल्या गाठीवर होता. मी मनात म्हटलं, यांचं काही चुकत नाही. मीही असंच केलं असतं.

व्याह्यांच्या घरी मी ओटीवरच्या खांबापाशी उभा राही. व्याही वारले होते. घर विहीणबाईंच्या हातात होतं. त्या दाराआडून म्हणत, “व्याह्यांना पाट द्या.” मी म्हणे, “नको, नको. मुलीला मूल होईपर्यंत तिच्या घरचं पाणीसुद्धा घ्यायचं नाही, अशी आमच्याकडे रीत आहे.” रीत खरी होती. ती अन्नपाण्याची होती, पाटाची नव्हती, एवढंच मी सांगत नव्हतो. काशी आतून पाहत असे. जावई, गोविंदराव, औषधाच्या खलापाशी बसलेले असत, ते मान वर करून माझ्या पायांकडे पाहत आणि पुन्हा खलबत्ता चालू होई. ते पाहणं मला आवडत नसे. वैद्य पायांकडे पाहतो तेव्हा तो पायच पाहत असेल असं नाही.

माघाच्या सुमारास विहीणबाई ‘बसा’ म्हणायच्या थांबल्या. मी कान टवकारले. न म्हटलेल्या शब्दाची जबानी मी पुष्कळदा लिहून घेतली आहे. ती म्हटलेल्यापेक्षा जास्त खरी असते. त्यांना कळलं असणार, असं मी धरून चाललो. मग अधिक वैशाखात जावयाला वाणाचं आमंत्रण करायला गेलो, खांबाशी उभा राहिलो, आणि त्या आतून म्हणाल्या, “तुमचं व्रत आहे. आम्ही कोण बसा म्हणणार? देव लवकर तुम्हांला बसवो.”

कसलं व्रत, ते मला ठाऊक नव्हतं. पण कचेरीतला माणूस समोरच्याला माहीत असलेली गोष्ट आपल्याला माहीत नाही, हे कधी कबूल करत नाही. “त्याचीच इच्छा,” असं म्हणून मी निघालो. गाडीत पुन्हा उभाच होतो. बोगद्यातल्या काळोखात मी ‘व्रत’ हा शब्द उलटसुलट करून पाहिला, पण त्यातून काही निघेना.

वाणाच्या दोन दिवस आधी काशी माहेरी आली. स्वयंपाकघरात अनारसे तळायला घेतले होते. पहिलाच अनारसा तुपात हसला, म्हणजे विरघळून पसरला, आणि तिची आई तांदळाला बोल लावू लागली. मी दाराशी उभा राहून काशीला विचारलं, “माझं कसलं व्रत आहे गं?”

तिने झारा खाली ठेवला नाही. “नातवाचं तोंड पाहीपर्यंत व्याह्यांच्या घरी बसायचं नाही, असं.”

“कोणी सांगितलं?”

“मी.”

“का?”

“तुम्ही बसत नव्हता, नाना. सासूबाई दर वेळी विचारायच्या, पाणी नको हे कळलं, पाटाला काय झालंय? मला वाटलं तुम्हांला ते घर आवडत नाही. ते कसं सांगायचं त्यांना? म्हणून व्रत सांगितलं.”

पुढचं तिने न विचारता सांगितलं, आणि सगळं तुपाकडे बघत. तेव्हापासून घरात काही बिनसलं की सासूबाई म्हणत, “तुझे वडील उभे राहून दमले बाई.” पनवेलची एक मुलगी पाहून ठेवली होती. अधिक महिन्यात लग्न होत नाही म्हणून हा महिना जायची वाट होती. निज वैशाख लागला की बोलणी करायची, असं ठरत आलं होतं.

मी ओटीवर येऊन उभा राहिलो. मला राग आला होता, पण कोणाचा ते ठरेना. मी रोज ज्याला माझी लबाडी समजत होतो ती त्या घरात माझ्या मुलीची साक्ष म्हणून उभी होती, आणि तीही तिच्याविरुद्ध. मी खांबाशी उभा राहिलो की माझ्या उभ्या राहण्याकडे बोट दाखवून तिला वांझ म्हणता येत होतं. बरं, आता जाऊन बसावं, तर नातवाची चाहूल लागली असं ते समजणार, आणि ती खोटी ठरली की आणखी हाल. उभं राहावं तरी पंचाईत, बसावं तरी पंचाईत. इतकी वर्षं साक्षीदारांना कोंडीत सापडलेलं पाहिलं होतं. आपली पाळी आल्यावर कळतं की बूड का हलतं.

तेव्हा ठरवलं की गोविंदरावांना खरं सांगायचं. त्यांनी गरमी समजायची तर समजू दे. मुलीच्या माथ्यावरचं ओझं तरी माझ्या माथ्यावर येईल.

वाणाच्या दिवशी रांगोळी काढली, समई लावली, ताटात तेहतीस अनारसे रचून वर दिवा ठेवला. जावई म्हणजे त्या दिवसापुरता विष्णू, असं शास्त्र आहे. विष्णू पाटावर बसले. शेजारचा पाट माझा. त्याच्यावर धाबळी घातली होती आणि धाबळीखाली चुंबळ होती. मी बसलो. ठीक मांडी घालून, समाधानाने, जावयासमोर पहिल्यांदाच.

गोविंदरावांनी आपोष्णीचं पाणी तळहातावर घेतलं होतं. हात तसाच राहिला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग दाराशी उभ्या काशीकडे पाहिलं. काशीने हळूच मान हलवून नाही म्हटलं. ते पाणी प्यायले आणि जेवायला लागले. पण घास जात नव्हता, ते मी पाहत होतो. माझी खात्री पटली की यांना वास लागला. आमटीत मीठ कमी होतं, तेसुद्धा ते बोलले नाहीत.

जेवण झाल्यावर विडा देताना ओटीवर आम्ही दोघेच होतो. काशीची आई आत गेली होती, भिंतीला कान लावायला. मी उभ्यानेच सगळं सांगितलं, तळ्याच्या पायरीपासून घडवंचीपर्यंत, आणि शेवटी म्हटलं, “मुंबईस मी बहिणीच्या घरीच होतो.”

“मला ठाऊक आहे,” ते म्हणाले.

“बहिणीचं?”

“दुखण्याचं. पहिल्या खेपेपासून. तुम्ही वहाणा घालायला पायरीवर बसत नाही, खांब धरून घालता. पाट दाखवला की आधी पाटाकडे पाहता, मग बसायचं नाही म्हणता. शिरेचं दुखणं आहे ते, वायूचं. गरमीचा माणूस असा उभा राहत नाही.”

“मग बोलला का नाहीत?”

“सासऱ्याला अवघड जागेचं विचारणारा जावई पाहिलाय कधी?” त्यांना हसू आलं, पण लगेच गेलं. “एक तेल देईन. उपयोग होईल, पुरता नाही व्हायचा. चुंबळ चांगली आहे, ती सोडू नका. पण नाना, कल्याणला बसू नका.”

 यात काय डाव आहे ते समजेना.

“आईला पनवेलचं स्थळ पसंत आहे,” ते म्हणाले. “महिना सरला की ती पुढे होईल. एका गोष्टीला तेवढी भिते, तुमच्या व्रताला. ब्राह्मण दारात व्रत धरून उभा असताना दुसरं मंगलकार्य काढलं तर त्याचा तळतळाट लागतो, असं तिच्या मनात आहे. मीच घातलंय. काशीने व्रत सांगितलं, मी त्याला शास्त्र जोडलं. तुम्ही जोवर उभे आहात तोवर ती अक्षतांना हात लावायची नाही. तुम्ही बसलात की तिला रस्ता मोकळा. आज तुम्ही माझ्यासमोर बसलात तेव्हा मला वाटलं, आता तिथेही बसाल, संपलं.”

“आणि ती काशीला टोमणे मारते, ते?”

“ते आहेत,” ते म्हणाले. “सवतीपेक्षा टोमणे बरे, असं काशी म्हणते.”

“आणि तुम्ही? तुम्हांला आईला नाही म्हणता येत नाही?”

त्यांनी विड्याची लवंग काढून बोटांत फिरवली. मग म्हणाले, “तुम्ही म्हटलं असतं का, तुमच्या आईला?”

मला तो माणूस त्या क्षणी आवडला नाही, हे स्पष्ट सांगतो. मुलगा म्हणून आईसमोर जे बोलायचं ते न बोलता त्याने दुखणाईत सासऱ्याचे पाय पुढे केले होते. आणि तरी, इतके दिवस ज्याच्यावर मी डोळा ठेवून होतो तोच माझ्या मुलीच्या बाजूने खलबत्त्याशी गुपचूप बसलेला निघाला, ही गोष्ट काही केल्या नाकारता येईना. राग आणि आभार एकाच वेळी वाटले की माणूस विडा चघळतो. मी विडा चघळला.

निज वैशाख लागल्यावर मी कल्याणला गेलो. तेलाचा गुण असेल, चुंबळीचा असेल, त्या दिवशी दुखणं जवळपास नव्हतं. गाडीत मी चक्क बाकावर बसलो आणि कोणी गाठोडं ओढलं नाही. व्याह्यांच्या ओटीवर पाट मांडलेला होता, त्याला ऊनही लागत नव्हतं. विहीणबाईंनी दाराआडून बरीच वाट पाहिली असावी. मी खांबाशी उभा राहिलो, उन्हातान्हाच्या, पिकापाण्याच्या गोष्टी केल्या, आणि उभ्या उभ्या परत आलो.

पनवेलच्या मुलीचं लग्न त्याच मोसमात दुसरीकडे झालं. त्यानंतर किती अधिक महिने आले, किती जावयांना अनारसे मिळाले. काशीला मूल झालं नाही. सवतही आली नाही. टोमणे मात्र पुष्कळ झाले, आणि ते ऐकून ऐकून तिच्या कपाळावर जी आठी पडली ती आता माहेरीही जात नाही. ती पाहिली की मला अजून वाटतं, आम्ही दोघांनी तिला वाचवलं की नुसतं टांगून ठेवलं? याचं उत्तर मी तिला विचारलेलं नाही. ती खरं सांगेल अशी मला भीती आहे.

उद्या पुन्हा आमंत्रणाला जायचं आहे. दुखणं आता पावसाळी हवेत तेवढं डोकं वर काढतं. घरी मी मांडी ठोकून बसतो, पंगतीत बसतो, कचेरी सुटल्यापासून तर बसूनच असतो. विहीणबाई थकल्या आहेत, त्यांना नीट दिसत नाही. मी गेलो की त्या काशीला हळूच विचारतात, “उभे आहेत का?” मागच्या खेपेला गोविंदराव मला बाजूला घेऊन म्हणाले, “नाना, आता बसलात तरी चालेल. आई आता काही करायची नाही.” असेल तसं. मी काशीकडे पाहिलं. ती दाराआड उभी होती, दाराच्या कडीवर हात ठेवून, आणि माझ्या पायांकडे पाहत होती. माझा विश्वास अजून बसलेला नाही. तो बसला की मी बसेन.